चिंचोके

मांडवीच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी
सुईला गर्दी जास्त.
बोटाला टोचायचं, थेंब नळीत,
नळीमागं छापील पट्टी धरायची.
ओळी वाचता आल्या तर घरी जा.
ओळी धुरकटल्या
तर नाव वहीत, आणि रक्त
नांदेडच्या गाडीनं पुढच्या तपासाला.
अकरा वर्षं मी तीच पट्टी वाचते आहे.

लचमाबाई टेकाम. पोड डोंगराच्या अंगाला.
मुलगा सहा वर्षांचा, वजन चौथीतच अडकलेलं,
थंडी पडली की गुडघे ठणकतात.
त्याचा रिपोर्ट: एसएस.
तिचा: एएस. नवऱ्याचा: एएस.
आणि पदराखाली चौथा महिना.

मी पाठ झालेलं बोलते.
जनुकं जोडीनं असतात, बाई,
एक आईकडून, एक बापाकडून.
तुझ्यात एक सरळ, एक वाकडं;
सरळ वाकड्याला सांभाळून घेतं,
म्हणून तुला दुखत नाही.
अशा माणसाला वाहक म्हणतात.
"ओझं वाहनारा?"
हो. पण जड लागत नाही.
"मंग ह्याला काऊन लागलं?"

गोळ्यांच्या खोक्याच्या पाठीवर
मी चार चौकोन पाडले.
वर तिची दोन अक्षरं, बाजूला त्याची.
एक चौकोन मोकळा,
दोन तुम्हा दोघांसारखे,
एक ह्याच्यासारखा.
तिनं बोटं मोजली.
"चारात एक ना?
तो तर झाला की वो.
आता म्होरचे तीन चांगले."

हे वाक्य मी ग्रामसेवकाकडूनही ऐकलंय,
डी.एड. झालेल्या बाईकडूनही.
पुस्तकात वाटाणे असतात, हजारांनी,
हिरवे इतके, पिवळे इतके,
हिशोब जुळतो.
वाटाण्याचे गुडघे रात्री ठणकत नाहीत.
नाही बाई, म्हटलं, दर खेपेला नव्यानं.
शक्यता, म्हटलं.
तिला "शक्य आहे" एवढंच ऐकू आलं असावं.

मुलगा बाकाखाली खेळत होता,
फोडलेले, दगडावर घासलेले चिंचोके,
एक अंग काळं, एक पांढरं.
तिनं खाली वाकून त्यातले दोन घेतले.
"हा माझा. हा ह्याच्या बापाचा.
दोन्ही पांढरे पडले की दुखनं. असंच ना?"
मी गप्प.
तिनं टाकले. काळा, पांढरा.
टाकले. दोन्ही काळे.
टाकले. दोन्ही पांढरे.
पुन्हा टाकले. दोन्ही पांढरे.

बाहेर गोंगाट, जीपवाला ओरडत होता.
ती बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली.
"चिंचोक्याला मागचा डाव
ध्यानात ऱ्हात न्हाई," म्हणाली.

अकरा वर्षांत मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

मग मी हिवतापाचं सांगितलं.
या रानात तो घरंच्या घरं न्यायचा,
आणि ज्याच्यात एकच वाकडं होतं
तो पुष्कळदा तगायचा.
म्हणून हे टिकलं, बाई. शाप नाही.
"जगायसाठी घेतलं कुनी,
न् फेडतंय माझं लेकरू," ती म्हणाली.
त्यावर माझ्या वहीत रकाना नाही.
पोटातल्याची तपासणी हैदराबादेत होते;
मी चिठ्ठी लिहिली, फोन नंबर मोठ्या आकड्यांत.

निघताना मुलगा अडून बसला.
एक चिंचोका कपाटाखाली गेला होता.
पांढऱ्या कोटासकट मी फरशीवर आडवी झाले,
फूटपट्टीनं ओढत, जाळ्या, धूळ, एक जुनं झाकण,
आणि तो.
"काळा व्हता का पांढरा?" त्यानं विचारलं.
मी न बघताच
मुठीत उचलला होता.