चार खळगे

मुलीनं इन्व्हरकार्गिलहून खोकं पाठवलं.
वर चिठ्ठी: बाबा, ओव्हन यापुढे पेटवायचा नाही.
गेल्या महिन्यात मी तो पेटवला
आणि ट्राउट धरायला नदीवर निघून गेलो,
हे खरं आहे.

आत हे यंत्र. लाल. टोपीएवढं.
झाकण उघडलं तर चार खळगे,
कोंबडी नुकतीच उठून गेल्यासारखे.

मी मर्व्हिन कॉक्रेन, लोकर कातरणाऱ्या टोळीचा आचारी,
एकतीस हंगाम.
पहाटे पाचला बावीस माणसांचा नाश्ता,
दहाला चहा आणि स्कोन्स, बाराला पुन्हा भट्टी.
माझ्या तव्यावर मेंढीची अख्खी मांडी लोळायची.
याच्यात माझी मूठसुद्धा मावेना.
तीन दिवस मी त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

चौथ्या दिवशी कालचा खिमा उरला होता
आणि भांडं घासायचा कंटाळा.
तेवढ्यावरून सुरुवात झाली.

आता मला येतं ते सांगतो.
पीठ मळू नका, ब्रेड चालतो.
कडा कापा, लाटण्यानं दाबा,
लोणी बाहेरच्या अंगाला लावा, आत नाही.
खालची पारी बशीनं कापा, वरची वाटीनं.
सारण गार हवं. आणि कमी हवं.
इथंच माझा हात चुकतो अजून,
बावीस माणसांचा हात आहे तो,
मग झाकण लागत नाही, खटका वर उडतो
आणि रस्सा ओट्यावर येऊन बसतो.
आठ मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही.
हिरवा दिवा लागला म्हणजे झालं असं नाही,
वास बदलतो तेव्हा झालं.

त्या वासावरच फेटू आला, कुंपणावरून,
शेजारच्या घरातला, नऊ वर्षांचा.
त्याची आई लागी कत्तलखान्यात रात्रपाळीला जाते.
हातात खारवलेल्या मांसाचा उघडलेला डबा
आणि नारळाच्या दुधात शिजलेली कालची अळकुडी.
म्हणाला, हे यात चालेल का?
मी म्हणालो, न चालायला काय झालं.
अळकुडी काट्यानं कुस्करली त्यानं,
जीभ बाहेर काढून, कडेकडेनं भरली.
बेताचं भरलं.
माझ्यापेक्षा बरं भरलं, खरं तर.

झाकण लावलं, खटका बसला,
तिसऱ्या मिनिटाला मी हीटर लावला
आणि घर गेलं.
दिवा, हीटर, फ्रिजची घरघर, सगळं.
जून महिना. माटाउराला पाचलाच काळोख.
फ्यूजची तार कुठं ठेवली ते मला आठवेना,
आणि आठवत नाही हे पोराला सांगवेना.

तोच म्हणाला, हात लावून बघ, लोखंड अजून तापलेलं आहे.
मग बसलो.
दोघांनी तळवे झाकणावर धरले, टेकवले नाहीत.
तो मला त्यांच्या चर्चमधल्या जाड्या ढोलकरीची नक्कल करून दाखवत होता,
मला काही दिसत नव्हतं,
मी योग्य जागी हसलो असेन.

बूड फिकं राहिलं. वरचं बरं होतं.
एक त्यानं खाल्लं, एक मी,
तिसरं त्यानंच.
चौथं फॉइलमध्ये गुंडाळून
लागीच्या दाराच्या मुठीला पिशवीत अडकवलं.

सकाळी सहाला तिचे बूट वाजले पायरीवर.
मग काही नाही.
मग फॉइलचा चुरचुर आवाज, बराच वेळ,
उभ्यानंच खात असावी.
बावीस माणसं जेवायची तेव्हा
पत्र्याच्या ताटांच्या खणखणाटात
एकेकट्याचं खाणं कधी ऐकूच आलं नाही मला.

तार आणायची आहे. अंडी पण.
फेटू म्हणतो, उद्या प्रत्येक खळग्यात एक फोडू,
बलक मोडायचा नाही.
बघू.