डाग

डबा स्टीलचा. पूर्वी त्यात बेसनाचे लाडू असायचे.
आता झाकणाला चार भोकं, त्यातलं एक तिरकं,
आणि आत पोपटी पाटीवर मी जुळवलेलं फझ पेडल.
शनिवारी गंगापूर रोडच्या कॉलेजात वाजवायचंय.
आज गुरुवार, रात्रीचे साडेनऊ,
आणि पेडल गप्प.

अगदी गप्प नाही.
डब्याला बोट लावलं की घूंऽऽ करतं,
बोट काढलं की तेही नाही.
जॅक जरा पिळला
तर लांबून कुणीतरी बाजारभाव वाचतंय:
उन्हाळ कांदा, कमीत कमी, जास्तीत जास्त,
सरासरी सांगायच्या आत
आवाजच पडला.

अनोशचा फोन, शरणपूरहून:
बॅटरी बघितलीस?
बॅटरी जिभेला लावली. झिणझिणली.
ट्रान्झिस्टर उलटा नाही ना?
तीन पाय, सहा प्रकारे बसतात.
पाच चुका करून झाल्यात, म्हटलं.
मीटर?
मीटर लावला. इथून तिथे पीं.
तिथून पुढे पीं. जिथे टेकवावं तिथे पीं.
मीटरच्या मते सगळं जोडलेलं आहे.
मीटरच्या मते
आपला बँडही जोडलेलाच असणार, अनोश म्हणाला,
आणि थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

शेवटी पाटी घेऊन शेजारी गेलो.
पवननगरात आमच्या मजल्यावर गायधनी काकू,
सातपूरला रिलेच्या लाइनवर एकोणीस वर्षं,
रोजचे अकराशे डाग.
मग तिथे यंत्र आलं.

काकूंनी चष्मा कपाळावर ढकलला,
पाटी दिव्याखाली तिरकी धरली,
तांदूळ निवडताना ताट धरावं तशी.
'हा बघ. हापण.
हा तर नुसता बसलाय, धरलं नाहीये त्यानं.
शिळ्या मासळीचा डोळा दिसतो ना, तसा झालाय.
डाग ओला दिसला पाहिजे,
निवल्यावरसुद्धा.'

सोल्डर हा शब्द त्यांच्या तोंडी नाही.
डाग. फुटक्या बादलीला देतात तो.
अडीनडीला सराफाकडे मोडायला नेतात तो.
आणि काकांना अमरधामात
काकूंनी स्वतः दिला तो.
जिना महिनाभर कुजबुजत होता.
काकू एवढंच म्हणाल्या होत्या,
'हात कापला नाही माझा.'

'टोक पूस आधी. काळं टोक काही देत नाही.
कथील नको तापवूस,
पाय तापव, पाटी तापव,
कथील आपणहून धावतं गरम जागेकडे.
एक. दोन. उचल.
फुंकर नको!'
पण मी मारली होती. सवयीनं.
'पोळलेल्या पोराला फुंकर घालतात. याला नाही.
याच्याजवळ नुसतं बसायचं, न हलता.'

पुन्हा. राळेचा धूर सरळ नाकात.
खालून अंबडची रात्रपाळीची बस गेली,
दिवा किंचित थरथरला, माझा हात जास्त.
चौथ्या डागाशी तांब्याची टिकलीच निघून आली,
तिथे एक वाकडी तार टाकली,
काकूंनी ती पाहिली, आणि पाहिली नाही असं केलं.
सात डाग. साडेबारा.
सातवा मी दिला की त्यांनी, आता सांगता येणार नाही,
लोखंडी कलमावर तेव्हा दोघांचे हात होते.

घरी येऊन गिटार लावली. पायानं बटण दाबलं.
एकच तार, खालचा ई.
स्वर फाटला, पसरला,
पांढऱ्या सदऱ्यावर वांग्याचा रस्सा पसरावा तसा
आणि थांबेचना.
फोनवरून अनोश ओरडला,
'किती घाण वाजतंय रे!'

भिंतीवर पलीकडून दोनदा टकटक झाली.
थांब म्हणून, की अजून म्हणून,
ते मी अजून विचारलेलं नाही.