प्रश्न क्रमांक सात

डेंटल कॉलेजातली मुलगी आली, एमडीएसचं दुसरं वर्ष,
हातात चार पानी प्रश्नावली.
"सर, दोनच मिनिटं."
मे महिना. कूलरची मोटर सकाळीच जळालेली.
तिला माठातलं पाणी दिलं आणि पेन शोधलं.

कोवळ्या पक्क्या दाताचं अर्धवट मूळ
पुन्हा वाढू शकतं, असं आपल्याला वाटतं का?
वाटतं.
प्रशिक्षण घेतलं आहे का?
नाही.
घ्यायला आवडेल का?
इथं सगळेच हो म्हणत असतील. मीही म्हटलं.

सात : ही पद्धत आपण नियमित का वापरत नाही?
पुढे अर्धी ओळ.

अर्ध्या ओळीत हिमानी सोनकुसरे मावत नाही.
आठ वर्षांची. गोळीबार चौकातल्या गतिरोधकावर
बापाच्या लुनावरून पडली.
समोरचा दात करडा, आतून मेलेला,
एक्स-रेत मुळाचं टोक उघडं,
शिवता शिवता सोडून दिलेल्या बाहीसारखं.

सव्वीस वर्षं अशा दातांना मी बूच मारत आलो.
सिमेंट, टोकाशी, घट्ट.
दात राहतो. भिंती तेवढ्याच पातळ.
पेरू चावताना जाईल एखाद दिवशी,
हे मी आईबापांना जरा हळू आवाजात सांगतो.

रक्त थांबवायचं, एवढंच शिकलो होतो.
तिच्या दातात तीन आठवडे औषध ठेवलं,
मग फाइल टोकाच्या पलीकडे नेली,
मुद्दाम,
रक्त यावं म्हणून.
आलं नाही.
पुन्हा नेली.
बाप खिडकीशी, पॉवरलूमवर तुटले धागे जोडणारी बोटं
एकमेकांवर घासत :
"होते न, डॉक्टर?"
मला काय माहीत होतं!
मग खालून चढला एक लाल ठिपका,
तीनशे फुटांवर बोअरला ओल लागावी तसा,
आणि मी, माणूस पन्नाशीचा,
मास्कच्या आत हसलो.

सहा महिन्यांनी या म्हटलं. नऊ महिन्यांनी आले.
दोन्ही एक्स-रे उजेडाला धरले.
मूळ अर्धा मिलिमीटर लांब,
किंवा या खेपेला फिल्म तिरकी बसली असेल.
दात अजून करडाच.

मुलगी घड्याळ बघत होती.
"बहुतेक सर 'वेळ नाही' लिहितात," ती म्हणाली,
मदत म्हणून.
मी तेच लिहिलं. सही केली. शिक्का मारला.

ती गेल्यावर रजिस्टर काढून
सोनकुसरेंना फोन लावला.
मागे मागांचा खडखडाट.
दाताबद्दल विचारलं, तर तो ओरडून म्हणाला,
"कोणता दात?"