अनुभवाचा रकाना

ग्दीनियाच्या धक्क्यावर आज वारा जास्त आहे.
रेडिओवर लेशेक म्हणाला, बोगुमिला, थांबव,
तासभर तरी काही उचलायचं नाही.
क्रेन थांबवली. खाली मात्र उतरले नाही.
पायांखालच्या काचेतून, चाळीस मीटर खोल,
पिवळी हेल्मेटं कॅन्टीनकडे पळतायत,
वाटाण्याची डाळ सांडावी तशी.
थर्मासात बीटाचं सार. मांडीवर अर्ज.
शुक्रवार शेवटचा दिवस.

बंदराच्या तंत्रशाळेला गणिताला माणूस हवंय.
पगार आत्ताच्या निम्म्याहून थोडा वर.
थोडा म्हणजे किती, ते झ्बिशेकनं काल
विजेच्या बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं
आणि छपराच्या कर्जाखाली दोनदा रेघ ओढली.
नको म्हणाला नाही.
म्हणाला असता, तर रात्रीच सही करून मोकळी झाले असते.

बावीस वर्षं इथं वर बसतेय.
कुणी उलटून बोलत नाही.
डबा भरलेला असो, रिकामा असो,
ठेवला तिथं बसतो.

आणि तिथं, गेल्या मंगळवारी,
नमुन्यादाखल दिलेल्या एका तासाला
मी दोरीला कुलूप बांधून नेलं.
विचारलं, झोके घेणारं ओझं आवरायचं कसं?
सगळे म्हणाले, उलट ओढायचं.
उलट ओढलं. कुलूप फळ्यावर आपटलं. हशा.
मग दाखवलं: त्याच्या मागे जायचं,
ते टोकाला पोचून दमतं ना,
त्या क्षणी नेमकं त्याच्या डोक्यावर असायचं.
कुलूप उभं राहिलं.
वर्ग गप्प झाला म्हणणार नाही,
दोघं सँडविच खातच होते.
पण मागच्या बाकावरचा कायेतान,
टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, म्हणाला,
एवढं चांगलं जमतंय,
तर ते सोडून इथं कशाला येताय?

मला उत्तर आलं नाही.
ते बघून त्यानं टोपी मागे सारली.

त्याचं गणित चुकलं होतं.
दोरी त्यानं कुलपाच्या कडीपर्यंतच मोजली,
कुलपाचं पोट धरलंच नाही.
पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं,
एका जहाजाच्या कठड्याला अजून त्याचा ओरखडा असेल.
मला तेव्हा शिव्या मिळाल्या. कारण कुणी सांगितलं नाही.
आठवडा झाला, भांडी घासताना, शिडी चढताना
त्याला ते कसं सांगायचं, याचीच वाक्यं जुळवतेय.
याला ओढ म्हणतात
की गुडघे शिडीला कंटाळलेत, एवढंच?

चाळिशी नाकावर घेऊन रकाने भरते.
नाव. पत्ता. जन्मसाल.
अध्यापनाचा अनुभव:
लिहिते, एक तास.
मग खोडते. कायेताननं पकडलंच असतं.
पंचेचाळीस मिनिटं.

सहीची जागा कोरी आहे.
वाऱ्याचा आकडा अजून खाली येत नाही,
आणि सार
कोमट व्हायच्या आत प्यायला हवं.