जागा अपुरी आहे

शारजाच्या मागे, वाळूला सिमेंटचा रंग येतो
तिथल्या वस्तीचं नाव सजा.
हसू नका, नकाशात असंच दिसतं.
खोली नंबर एकोणीस, आठ पलंग, चार खाली चार वर,
आणि दर रविवारी माझ्या पलंगापुढे
चपलांची रांग.

मी डक्टवाला. पत्रा कापतो, वाकवतो.
पण एकदा गुलबाझचा मेलेला फोन उठवला
आणि तेव्हापासून खोलीचा वैद्य झालो.
टेकबहादूरला रुपयाचा भाव सांगणारं ॲप हवं.
त्याचा रुपया वेगळा, माझा वेगळा,
घसरले की दोघेही खूश,
आणि घरून तेलाचा भाव कळला की दोघेही गप्प.
मोतालेबला फोरमनची अरबी बंगालीत हवी.
टाकून दिलं.
फोरमन ओरडला की ॲप नम्रपणे म्हणतं,
आवाज स्पष्ट नाही, कृपया पुन्हा बोला.

माझ्या फोनमध्ये पाणसळ आहे,
हिरवा बुडबुडा मधोमध आला की डक्ट सरळ.
गुलबाझच्या फोनमध्ये होकायंत्र.
पलंगावर ठेवलं की सुई वेड्यासारखी फिरते,
सगळं लोखंडच ना.
तो फोन घेऊन बाहेर टाकीपाशी जातो,
दिशा बघून येतो.

आज भागोजी डिंगणकर.
अंजनवेलचे, सत्तावीस वर्षं इथे, शटरिंगचे सुतार.
फोन त्यांनी रुमालात गुंडाळून आणला.
"नवा निरोप उतरत नाय. बग जरा."
काच तडकलेली, त्यावर लाल पट्टी:
जागा अपुरी आहे.
मी वर पाहिलं. आठ पलंग, आठ ट्रंका,
दोरीवर आठ जणांचे ओले पायजमे.
म्हटलं, ह्याला कसं कळलं?

सफाईचं ॲप लावलं.
ते गरगर फिरलं आणि म्हणालं,
एकाच प्रकारच्या तीनशे बारा लहान फायली,
बहुधा अनावश्यक.
पुसायच्या?

बोट टेकवायच्या आधी सवयीने एक ऐकली.
"अहो."
संपली.
दुसरी ऐकली. "अहो."
तिसरीत मागे कोंबडा आहे, पण तीही "अहो".

भागोजी हसले, दातांच्या फटीतून.
"बटण धरून ठेवायचा असतो ता तिला जमत नाय.
अहो म्हनते नि बोट उचलते.
तिला वाटता, सगळा बोलून झाला."
मी म्हटलं, सोपं आहे,
बोट वर सरकवलं की कुलूप लागतं,
मग हवं तेवढं बोला. पोराला सांगा, शिकवेल.
"नको."
इतक्या पटकन म्हणाले की
वरच्या पलंगावरून टेकबहादूरने डोकं काढलं.
"पुढचा म्हाईत हाय मला.
कौलां. सोसायटीचा हप्ता. गुडघा.
नि येताव कदी.
अहोपर्यंत बरा हाय."

मग आम्ही दुसरीकडे जागा शोधली.
मेव्हण्याने पाठवलेले नऊशे सूर्योदय पुसले,
गुलाबावर गुलाब, सुविचार,
कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचा फॉर्म,
मी टाकून दिलेलं टॉर्चचं ॲप,
हवामानाचं (इथे कसलं हवामान),
आणि शेवटी ते सफाईचं ॲपही,
कारण सगळ्यात जास्त जागा त्यानेच खाल्ली होती.

लाल पट्टी गेली.
फोन थरथरला. अडकलेला निरोप उतरला,
एक सेकंदाचा.
भागोजींनी तो कानाला लावला
आणि भिंतीकडे तोंड केलं,
खोलीत एकटं व्हायचं तर तेवढीच सोय.

मग बटण दाबून, घसा खाकरून,
"हां," म्हणाले,
आणि बोट उचललं.

रुमालाच्या चार घड्या झाल्या.
रांगेत पुढे मोतालेबच्या चपला,
एक निळी, एक काळी.