ओळ सतरा

उणे एकतीस. शटरच्या कडेला बर्फाची झालर.
आर्डिस ट्वाइट, आमची खजिनदार,
चष्मा कपाळावर ढकलून फॉर्म वाचतेय.
ओळ सतरा. मग पुन्हा ओळ सतरा.

आमची अँब्युलन्स बंद करता येत नाही.
नॉर्थ डकोटाच्या थंडीत सलाईन गोठतं,
नळ्या काडीसारख्या मोडतात,
म्हणून ती कुणाच्याही अंगणात घुरघुरत उभी,
तासाला गॅलनभर डिझेल पिऊन
शून्य मैल पुढे जात.

आता राज्य म्हणतंय, जादा बॅटरी बसवा,
इंजिनाशिवाय गाडी उबदार ठेवा,
खर्चाचा चौथा हिस्सा करातून वजा.

आर्डिस पेन खाली ठेवते.
"पालमर, आपण कर भरतो का रे?"

नाही भरत. धर्मादाय आहोत आम्ही,
रविवारच्या पॅनकेकांवर आणि
मेलेल्यांच्या मृत्युपत्रांवर चालतो.
कर नाही, तर सूट कशातून?
"चणे आले," मी म्हणतो, "दात नाहीत."
आर्डिस हसते. वरचे तिचेही बसवलेलेच.

मागच्या जानेवारीत ऑर्व्हिल स्कारला आणायला गेलो होतो.
चाळीस वर्षं धान्याच्या कोठारांतली धूळ छातीत.
मी मुद्दाम गाडी उलटी घेत
अगदी दाराला लावली,
म्हाताऱ्याला वारा नको म्हणून.
स्ट्रेचर उंबऱ्यात अडकलं, दोन-तीन मिनिटंच,
आणि मागच्या नळीचा धूर
सरळ स्वयंपाकघरात.

मास्कमागून तो काहीतरी म्हणाला,
"बंद करा ते."
मला वाटलं, मास्कचं म्हणतोय.
मी पट्टा आणखी घट्ट केला.

हे आर्डिसला सांगितलेलं नाही.

ती आता फोनवर आहे, फार्गोच्या विक्रेत्याशी:
कर तुम्ही भरता ना? मग सूट तुम्ही घ्या,
आणि तेवढी किंमत आमच्यासाठी उतरवा.
असं चालतं का, हे तिलाही माहीत नाही.
त्याने तिला थांबायला सांगितलंय.
ती थांबलीय. बोटाने टेबलावर
पुन्हा पुन्हा सतरा लिहितेय.

मी बाहेर येतो. किल्ली फिरवतो.
इतकी वर्षं या गाडीत बसलो,
घड्याळाला आवाज आहे हे ठाऊक नव्हतं.

सलाईनची एक पिशवी
कोटाच्या आत, पोटाशी धरून बसतो.
किती वेळ टिकते बघू.