सतरा नंबरचं बीळ

दगडावर पांढऱ्या रंगाने सतरा लिहिलंय, माझ्याच हाताने.
सातचा आकडा ओघळलाय.
त्या दिवशी हात थरथरत होता, थंडीने नव्हे.

कोलिमाच्या या उतारावर
फेब्रुवारीपासून झाडांना एक पान नाही.
निवडुंगाचे खांब, काळे दगड, वाळलेली काटेरी झुडपं,
आणि दगडाखाली मुठीएवढं भोक.
उंबऱ्यावर चार-दोन रेशमी धागे,
कुणी शिवण अर्धी टाकून उठल्यासारखे.
तेच तिचे कान.

डोळे आठ आहेत,
सगळे मिळून मसुरीएवढ्या उंचवट्यावर,
आणि दिसत जवळजवळ काही नाही.
उजेड की काळोख, एवढाच हिशेब.
बाकीचं पायांना कळतं:
नाकतोडा, उंदराचं पिल्लू,
मी.

गुडघे टेकून मी गवताची काडी उंबऱ्यावर फिरवते.
आधी दोन पाय येतात,
काळे, मखमली, गुडघ्यांवर केशरी-तांबडे,
निखाऱ्यांतून रांगत आल्यासारखे.
मग उरलेली ती. कवचाला दुधाळ किनार,
पोटावर मागच्या बाजूला टक्कल.
म्हणजे एवढ्यात कुणावर तरी केस उडवलेत.
कोआटी असेल, नाक खुपसायची खोड असते त्यांना.
मीही एकदा खुपसलं होतं. तीन दिवस डोळे
खाजकुयली चोळल्यासारखे.

बाबा यांना बुटांच्या खोक्यांत भरायचे.
ओल्या कापसाचा बोळा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं.
मान्सानियोहून एक माणूस यायचा,
पैसे मोजायचा, कोळ्याचे कमी, कोळिणीचे तिप्पट,
कारण कोळीण टिकते.
माझे शाळेचे पहिले बूट त्याच पैशांतले.
बूट माझ्या पायात, खोकं कामावर.

कोळी टिकत नाही.
पाच-सहा वर्षं बिळात निमूट वाढतो,
शेवटची कात टाकतो, पुढच्या पायांना आकडे फुटतात,
आणि मग त्याला घर आठवत नाही.
सप्टेंबरात हायवेवर दिसतात मला, ट्रकांच्या दिव्यांत,
हडकुळे, लांब टांगांचे, रस्ता ओलांडताना.
एखाद्या बिळाच्या तोंडाशी पायांनी थाप देतात.
आत भूक असली तर जेवण,
नसली तर नवरदेव.
नवरदेवालाही पुढचा सप्टेंबर क्वचितच.

एकदा ट्रक दिवसभर उन्हात उभा राहिला.
बाबांनी अकरा खोकी उघडली. अकराही जणींचे पाय
आत मुडपलेले, मुठीसारखे.
रक्ताच्या दाबाने उघडतात ते पाय;
दाब गेला की मूठ मिटते.
बाबा काही बोलले नाहीत. धंदाही सोडला नाही त्यांनी.
सोडला तो कायदा आल्यावर, आणि तोही कुरकुरत.

सतरा पहिल्यांदा दिसली तेव्हा उताणी होती,
बिळाच्या तोंडाशी, रेशमाच्या चटईवर, पाय वर.
मेली, म्हटलं. तरी ब्रश हातात घेऊन बसून राहिले.
पाय मुडपलेले नव्हते, एवढंच काय ते.
अंधारता अंधारता कवच झाकणासारखं उचकटलं
आणि ती स्वतःतून एकेक पाय ओढत बाहेर आली,
ओल्या हातमोज्यातून बोटं काढावीत तशी.
किती वेळ लागला, मी पाहिलं नाही.
जुनी कात शेजारी, पोकळ, केसागणिक शाबूत.
मग मी नंबर लिहिला.

त्या वर्षी एव्हारिस्तो रांगत होता.
आता तो ग्वादालाहारात लिफ्ट दुरुस्त करतो,
आणि फोनवर आधी तिची चौकशी करतो, मग माझी.

काल सोळा नंबरपाशी
निळसर काळी गांधीलमाशी पाहिली, पंख गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचे.
एक बिळात शिरते, दंश करते, एक अंडं घालते,
आणि आतली कोळीण जिवंतपणीच कोठार होते.
आज सोळाचं तोंड मातीने बुजवलेलं आहे.
मी उकरत नाही. उकरायचं नसतं.

वहीत लिहिते:
सोळा, बंद.
काडी फिरवते. थांबते. पुन्हा फिरवते.
सतरा, आहे.